ह्युमिडिफायर लावा म्हणता, धुवायचं कोणी सांगायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या कोरड्या खोकल्यावर लेख आला होता. लेख चांगलाच होता. शेवटी ‘खोलीत ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं मशीन) लावावा’ एवढं एका ओळीत सांगून तो संपला. त्याच्या पुढची ओळ राहून गेली, म्हणून हे पत्र.

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो. त्यातली बरीचशी कूलिंग टॉवरवर, म्हणजे कारखान्यातलं गरम पाणी गार करणाऱ्या मनोऱ्यावर गेली. साचलेलं पाणी, त्यावर धरणारी बुळबुळ आणि तिथून हवेत उडणारे तुषार यांच्याशी रोजची गाठ. १९७६ साली फिलाडेल्फियात एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांना न्यूमोनिया झाला आणि त्याच्या तपासात अशाच पाण्यात वाढणारा लिजिओनेला हा जिवाणू सापडला, ही गोष्ट आम्हाला ट्रेनिंगमध्ये इतक्यांदा ऐकवली होती की जो हेल्पर आंघोळीचा कंटाळा करी त्याला पोरं ‘लिजिओनेला’ म्हणूनच हाक मारायची.

एवढं माहीत असून माझ्याच घरात घोटाळा झाला.

गेल्या डिसेंबरात सुनेने नातीसाठी मशीन आणलं. निफाडचा पारा उतरला की आमच्या इंदिरानगरातही खिडक्या गच्च बंद होतात. नातीचं नाक आतून सुकायचं, सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे. मशीन लावल्यावर दोन दिवसांत पोरीला आराम पडला. सगळे खूश, आणि त्या खुशीत आत डोकावलं कोणीच नाही. पाणी संपत आलं की वरून ओतायचं, एवढंच. बाराव्या दिवशी मी टाकी उचलली, तर बंद पडलेल्या कूलरला येतो तसा कुबट वास. तळाला बोट फिरवलं, बोटाला फिकट गुलाबी बुळबुळ लागली. आणखी एक गोष्ट तेव्हा उलगडली. खोलीतल्या टीव्हीच्या काळ्या काचेवर रोज पिठासारखी धूळ बसत होती. ती मी शेजारच्या फ्लॅटमधल्या पीओपीच्या कामावर ढकलून मोकळा झालो होतो, शेजाऱ्याला दोन शब्द सुनावूनही झाले होते. ती धूळ निघाली आमच्याच बोअरच्या पाण्यातली. (शेजाऱ्याकडे नंतर तिळगूळ घेऊन गेलो.)

हल्ली घरोघरी येतात त्यातली बरीच मशीनं पाणी उकळत नाहीत. तळाशी नाण्याएवढी चकती असते. ती सेकंदाला साधारण १७ लाख वेळा थरथरते आणि पाण्याचे अगदी बारीक तुषार उडवते. पातेल्यात पाणी उकळलं तर क्षार पातेल्यालाच चिकटून राहतात. इथे तसं नाही. क्षार असोत, जंतू असोत, टाकीत जे असेल ते तुषारांबरोबर बाहेर पडतं आणि उशाशी झोपलेल्याच्या छातीत जातं. दिसते वाफेसारखी, पण ती वाफ नव्हेच.

म्हणून टाकीत आरओचं पाणी घालावं, त्यात क्षार कमी असतात. रात्रीचं उरलेलं पाणी सकाळी ओतून द्यायचं, टाकी कोरडी पुसून उघडी ठेवायची. आणि दर तिसऱ्या दिवशी नीट धुवायची. आधी प्लग काढा. चायनीजसाठी किराणा दुकानात मिळतं ते पांढरं व्हिनेगर निम्म्याला निम्मं पाणी घालून चकतीवर पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. खार आपोआप सुटतो. मग जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासा आणि व्हिनेगरचा वास जाईपर्यंत दोन-तीनदा खळबळून टाका. खालचा भाग नळाखाली धरू नका, आतल्या पंख्यात पाणी जातं. माझ्या मुलाने घाई करून चकतीवरचा खार ब्लेडने खरवडला. खार गेला, चकतीही गेली. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

धुवायचा कंटाळा म्हणून टाकीच्या पाण्यातच अँटिसेप्टिकचे दोन थेंब टाकणारेही आमच्या सोसायटीत निघाले. त्यांना मी दक्षिण कोरिया सांगतो. तिथे ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक १९९४ पासून राजरोस दुकानात मिळत होतं. त्याने फुप्फुसं निकामी होतात हे उघड व्हायला २०११ उजाडलं. शेकडो माणसं गेली, त्यात तान्ही मुलं आणि गरोदर बायका होत्या. कातडीला जे चालतं ते श्वासाला चालेलच असं नाही.

शिवाय मशीन रात्रभर चालवायची गरज नसते. पाच-सहाशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं. आमच्याकडे जानेवारीच्या दुपारी त्यावर २८ टक्के दिसले आणि दार लावून मशीन चालू ठेवलं तर पहाटे ६८. घरात ३० ते ५० पुरे. त्याच्या बरंच वर गेलं की भिंतीला बुरशी धरते. आमच्या कपाटामागे धरलीच होती. आषाढ-श्रावणात नाशिकला कपडे वाळत नाहीत, तेव्हाही सुगंधी तेल घालून हे मशीन चालवणारे पाहिले, त्यांना काय म्हणावं!

विकणाऱ्यानेही दुकानात यातलं काही सांगितलं नाही. खोक्यातला कागद इंग्रजीत आणि चिनीत, अक्षरं मुंगीएवढी. निदान वर्तमानपत्राने तरी हे मराठीत सांगावं. पुढच्या वेळी असा लेख आला तर शेजारी धुण्याची चौकट छापा. आणि या पत्रात जागेअभावी काटछाट करावी लागली तर शेजाऱ्याची गोष्ट खुशाल गाळा, व्हिनेगरचा आणि कोरियाचा मजकूर तेवढा ठेवा.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फिटर,
इंदिरानगर, नाशिक