डिपॉझिट परत, खोली नाही

संपादक महोदय,

माझी मैत्रीण तृतीयपंथी आहे, कोपरखैरण्यात तिच्यासाठी खोली बघायला गेलो, एजंटने फोनवर सगळं ठरवलेलं, डिपॉझिटही दिलेलं, पण मालकीणबाईंनी दारातच तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, 'सोसायटीवाले ऐकणार नाहीत हो.' चहा मात्र पाजला! २०१९च्या तृतीयपंथी हक्क कायद्यात कलम ३ आहे, भाड्याने घर देताना भेदभाव करायला चक्क मनाई, पण हे कमिटीला सांगणार कोण? सिडकोच्या लॉटरीत घर लागलं तरी लोन लागतं, आणि हिची पगाराची स्लिप जुन्या नावावर, आधार नव्या. पालिकेनेच परवडतील अशा भाड्याच्या खोल्या काढाव्यात ना. तोवर ती माझ्याकडेच राहतेय, आमच्या कमिटीने अजून काही विचारलेलं नाही.

– एक वाचक, घणसोली