आधी केसपेपर दाखवा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला काठमांडूच्या बालगृहांतल्या आरोग्य शिबिरावरचा लेख वाचला. काल दिवसभर लिहू की नको असे चालले होते, आज राहवले नाही. लेख लिहिणाऱ्या मुलीच्या तळमळीबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. स्वतःची रजा, स्वतःचे पैसे खर्चून ती गेली. मीही अशीच गेले होते. राग आहे तो तुमच्यावर. एवढा मोठा लेख छापताना तुमच्याकडच्या एकालाही विचारावेसे वाटले नाही, की ज्या मुलांना तपासले त्यांचे केसपेपर कुठे आहेत?

ग्रामीण भागातल्या आरोग्य केंद्रांत मी ३१ वर्षे नोकरी केली. केसपेपर काढल्याशिवाय आम्ही तापाची गोळीसुद्धा देत नसू. निवृत्तीनंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, एका सेवाभावी गटाबरोबर काठमांडूला गेले. आम्ही चौदा जण होतो. दोन डॉक्टर, दोन सिस्टर आणि बाकी कॉलेजची मुले व व्यापारी मंडळी. चार दिवसांत पाच बालगृहे केली.

दुसऱ्या दिवशीच्या बालगृहात एक मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. मी काही म्हणायच्या आत त्याने तोंड उघडून जीभ बाहेर काढली, मग बोटाने स्वतःच डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली. त्याच्या मागच्या मुलीनेही तेच केले, तिच्या मागच्यानेही. आमच्या गटातल्या सगळ्यांना त्याचे फार कौतुक वाटले. माझ्या मात्र पोटात गोळा आला. इतकी सवय व्हायला या लेकरांना किती जणांनी तपासले असेल! जंताची गोळी हातावर ठेवली तर तो मुलगा म्हणाला, दशैंच्या (त्यांच्या दसऱ्याच्या) आधी गोऱ्या पाहुण्यांनी दिली, तिहार (दिवाळी) झाल्यावर दुसऱ्यांनी दिली. म्हणजे आमची दोन महिन्यांतली तिसरी. रजिस्टर मागितले तर ते नव्हतेच. जंताच्या गोळीने एक वेळ फार बिघडणार नाही, पण आमच्या पेटीत जीवनसत्त्व 'अ'च्या बाटल्याही होत्या. त्याचा मोठा डोस दोन वर्षांच्या मुलाला आपण सहा-सहा महिन्यांनी मोजून देतो, कारण जास्त झाला तर तो बाधतो. नेपाळ सरकार तोच डोस गावोगावच्या महिला स्वयंसेविकांकडून वर्षातून दोनदा देते. आधी कुणी, कधी दिला, याची नोंद नसताना आम्ही कशाच्या आधारावर देणार होतो? त्या बाटल्या मी माझ्या पिशवीत घालून परत आणल्या. त्यावरून गटात वाद झाला, तो झाला.

त्याच ठिकाणी आठेक वर्षांची एक मुलगी होती. तिचा कान वाहत होता, वास येत होता. डॉक्टरांनी पाहिले, पडद्याला भोक होते. असा कान रोज दोन-तीनदा वातीने कोरडा करून किमान दोन आठवडे थेंब घालावे लागतात, मग पुन्हा बघावा लागतो. आम्ही थेंबांची एक बाटली देऊन पुढच्या बालगृहात गेलो. वात करताना ती माझ्या मांडीवर डोके ठेवून पडली होती. मी सहज घरचे विचारले तर म्हणाली, "आमा हुम्लामा हुनुहुन्छ." आई तिकडे हुम्ला जिल्ह्यात आहे! आम्हाला दिलेल्या यादीत तिच्या नावापुढे आईवडील मयत असे लिहिले होते. तिथल्या व्यवस्थापकाला विचारले तर, असे प्रश्न मुलांना विचारू नका, ती अस्वस्थ होतात, एवढेच उत्तर मिळाले. आमच्या गटप्रमुखांनीही मलाच गप्प केले. आणि मी गप्प बसले, याचे मला आजही वाईट वाटते.

परत आल्यावर वाचत गेले तेव्हा कळले, की हे त्या एका मुलीपुरते नव्हते. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात दलालांनी हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांना शहरातल्या शाळेचे आमिष दाखवून पैसे घेतले, मुले नेली आणि कागदोपत्री अनाथ करून टाकली. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफने सांगितले होते, की नेपाळच्या संस्थांमध्ये १५ हजारांवर मुले आहेत आणि त्यांतल्या ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. यातल्या बहुतेक संस्था हुम्लात नाहीत. त्या काठमांडू खोऱ्यात, पोखऱ्याला, चितवनला आहेत, जिथे पाहुणे येतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यावर चर्चा करताना अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी विचारात घेतली. आपण मात्र अजून पुरवणीत कौतुक छापतो.

आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात उद्या परदेशातली कॉलेजची मुले येऊन गोळ्या वाटू लागली तर आपण चालवून घेऊ का? नेपाळमध्ये परदेशी डॉक्टरलासुद्धा तिथल्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. आमच्या डॉक्टरांकडे ती नव्हती, आणि आमच्यापैकी कुणी ती मागितलीही नाही.

आणखी एक. लेखासोबत मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतील असे तीन फोटो छापले आहेत, एका फोटोखाली तर नाव आणि वयसुद्धा. आपल्याकडच्या बालगृहातल्या मुलाची अशी ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, हे तुमच्या वार्ताहरांना पाठ असते. मग मूल नेपाळचे झाले की ते उघडे पडले तरी चालते का? माझ्याकडेही त्या मुलीबरोबरचा फोटो आहे. तो मी कधी कुणाला पाठवलेला नाही.

लेखाखालच्या चौकटीत पुढच्या सहलीचा दर आणि फोन नंबर दिला आहे. त्याच नंबरवर तुम्ही फोन करा. मागच्या शिबिरात तपासलेल्या मुलांच्या नोंदी कुणाकडे आहेत आणि त्यातल्या किती जणांच्या घरच्यांशी संपर्क झाला, एवढे विचारा. जे उत्तर मिळेल ते पुढच्या रविवारी त्याच जागी छापा.

मागच्या वेळी लसीकरणाबद्दलच्या माझ्या पत्रातला नेमका महत्त्वाचा परिच्छेद गाळला होता. या वेळी जागा कमी पडली तर सुरुवात कापा, पण हुम्लाचा भाग ठेवा.

एक निवृत्त परिचारिका, सातारा
(नाव छापू नये)