अमू दसऱ्याला वाईला येणार नाही

सहकारनगर, पुणे

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हे सगळं बोलणं होत नाही. आई रडायला लागते आणि बाबा, तुम्ही "आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देऊन बाहेर ओट्यावर जाता. म्हणून लिहायला बसले. तुम्हीच मोठ्याने वाचा, आईने चष्म्याचा नंबर अजून तपासून घेतलेला नाही हे मला पक्कं माहीत आहे.

जे ठरलंय ते आधी सांगते. अमू दसऱ्याला येणार नाही. गांजा सोडल्यावरचे हे दिवस, भाऊबीजेपर्यंत, तो माझ्याकडेच राहील, मग आम्ही सगळेच येऊ. हे अमूने, राहुलने आणि मी, डॉक्टरांशी बोलून ठरवलं. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही "आण इकडे, चार दिवस घाटावर बसला की बरा होईल" म्हणाला असतात, आणि बाबा, तुम्हाला नाही म्हणणं मला या वयातही जमत नाही.

वाईला का नको, तर आल्यागेल्याला दहा वेळा सांगावं लागेल की नोकरीतून रजा का, तोंड का उतरलंय. आत्याला तर बघूनच कळेल. शिवाय दर आठवड्याला डॉक्टरांकडे बसणं आहे, ते इथे आहे. आणि राहुल घरून काम करतो, त्यामुळे दिवसभर घरात कुणीतरी असतं. पाहा, तुम्ही अजून काही बोलला नाहीत आणि मी कारणं देत सुटलेय.

आई, त्याला मागची खोली दिली आहे, पंख्याखालचा पलंग. पहिला आठवडा अन्न समोर आलं की तोंड फिरवायचा. तेव्हा मेतकूट-भात आणि ताक यावर दिवस काढले. आता दोन पोळ्या खातो, परवा थालीपीठ मागून घेतलं. वजन उतरलंय, पण भरून येईल. भूक मरणं हा गांजा सोडण्याचाच भाग आहे. माझ्या स्वयंपाकात खोट काढू नकोस.

तू विचारलंस की सोडल्यावर माणूस बरा दिसायला हवा, हा तर आधीपेक्षा वाईट दिसतोय. तसंच असतं. त्याचे मित्र सांगायचे की गांज्याची सवय लागत नाही, झाडाचंच तर आहे. पण रोज ओढणाऱ्याने तो बंद केला की शरीर तक्रार करतं, आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या ग्रंथात २०१३ पासून त्याची रीतसर नोंद आहे. चिडचिड, घालमेल, झोप उडणं, भूक जाणं, उदास वाटणं, कुणाला घाम, कुणाला डोकेदुखी. एकदोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि दोनेक आठवड्यांत बरंचसं निवळतं. विसर्जनानंतर त्याने सोडला, आता घट बसायला आलेत, तेव्हा हिशोब तूच कर. तुझ्यावर फोनवर ओरडला तो त्या पहिल्या आठवड्यातला अमू होता. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडला. हे मी सांगितलं असं त्याला सांगू नकोस.

बाबा, तुम्हाला कारण लागतं म्हणून लिहिते. गांज्यातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, मेंदूत ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या आपल्याच असतात, शरीर स्वतःच्या कामासाठी त्या वापरतं. रोज कुणी आगंतुक येऊन बसायला लागला की आपण ओट्यावरच्या खुर्च्या हळूहळू आत घेतो, तसं मेंदू त्या जागा कमी करतो. गांजा थांबला की त्या परत मांडायला वेळ लागतो. रोज ओढणाऱ्यांचे मेंदू स्कॅन करून पाहिलेत, साधारण चार आठवड्यांत त्या जागा जवळपास पूर्ववत झालेल्या दिसल्या. म्हणून मी तुमच्याकडे महिना-सव्वा महिना मागतेय. तोवर त्याच्या बुद्धीबद्दल कुणी काही ठरवू नये. बँकेच्या परीक्षेचं नको आणि वाकडच्या त्या स्थळाचं तर नकोच नको. आई, फोटो परत मागून घे.

"पोराचं डोकं गेलं" असं तुम्ही म्हणालात ते मला लागलं. बोस्टनमध्ये सोळा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना महिनाभर गांजा सोडायला लावून दर आठवड्याला तपासलं होतं, २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. सोडणाऱ्यांना नवे शब्द लक्षात ठेवणं जमायला लागलं आणि बरीचशी सुधारणा पहिल्याच आठवड्यात दिसली. एकाग्रतेत मात्र तसा फरक दिसला नाही. आमच्या घरातही नेमकं हेच चाललंय. रात्री जेवणानंतर आम्ही पाच-तीन-दोन खेळतो. सुरुवातीला त्याला हुकूम काय बोललाय तेच आठवत नव्हतं. परवा त्याने राहुलला सांगितलं, "भावजी, बदामाची राणी अजून बाहेर आहे, ती ताईकडे आहे." होती माझ्याकडेच. तुम्ही शिकवलेली पानं मोजायची सवय गेलेली नाही, बाबा. पण पुस्तक दिलं तर चौथ्या पानावर खिडकीबाहेर बघत बसतो. ते यायला वेळ लागेल आणि किती लागेल ते मी छातीठोक सांगणार नाही. शाळकरी वयातच सुरू करून वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांचं नुकसान जास्त असतं असं अभ्यास सांगतात. अमूने कॉलेज संपताना सुरू केला, एवढं आपल्या बाजूचं आहे.

रात्री अजून अवघड जातात. गांजा असताना स्वप्नांची झोप दाबलेली असते, सोडल्यावर ती उसळून येते. दचकून उठतो, कृष्णेला पूर आलाय आणि आई पलीकडच्या काठावर आहे, असलं काहीतरी सांगतो. मी जाऊन बसते. एकदा म्हणाला, "ताई, बाबांसारखे पाढे म्हण ना." आम्हाला ताप आला की तुम्ही उशाशी बसून पाढे म्हणायचात, आठवतं? मी सतराच्या पाढ्यात झोपायचे, हा एकोणतिसापर्यंत तग धरायचा. मी म्हणायला लागले आणि तेविसाच्या पाढ्यात अडकले, तर पुढचं त्याने म्हटलं. मग झोपला. आई, यात नजर-बिजर काही नाही. कुणाला बोलावून उतारा काढू नकोस. काढायचाच असेल तर गुपचूप काढ, मला सांगू नकोस.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात का ठेवलं नाही, हे बाबांनी राहुलला विचारलं, मला नाही. अवचटांचं मुक्तांगण १९८६ पासून आहे आणि लोकांना तिथे गुण येतो हे तुम्हीच आम्हाला सांगायचात. मी चौकशी करून ठेवली आहे. पण अमू आपणहून सोडतोय, दारू किंवा दुसरं काही नाही, घरी माणूस आहे, म्हणून डॉक्टर म्हणाले की आधी घरी राहून करू. गांजा सुटावा म्हणून खास अशी गोळी नाही, मुख्य औषध समुपदेशनच. घसरला तर तिकडे जायला तो स्वतः तयार आहे. आणि मुक्तांगण येरवड्याला आहे, बाबा. येरवडा म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा होतो ते मला लहानपणापासून माहीत आहे.

आता तेच लिहिते. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला मानसिक आजार होता का. अमू माझ्याकडे बघायला लागला. मी बापूकाकांचं सांगितलं. आपल्या घरात ते नाव घ्यायचं नाही हे मला कळतं, आजी असती तर तिला वाईट वाटलं असतं हेही कळतं. पण ते सांगणं भाग होतं. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षं माग ठेवला होता, १९८७ साली ते छापून आलं. भरतीच्या वयापर्यंत ज्यांनी पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराचं, प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होतं. तरी त्यांच्यातल्याही बहुतेकांना तो झाला नाही. पण ज्या घरात तो आजार आधी होऊन गेलाय, तिथे गांजा जास्त जोखमीचा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे अमूने सोडणं ही त्याच्यासाठी सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि ती त्याने केली आहे.

तुम्ही जे मनात धरून बसला आहात ते मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. आवाज ऐकू येणं, कुणी मागावर आहे असं वाटणं, यातलं काही त्याला नाही. त्यांनी त्याला एकट्याला बसवूनही विचारलं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही विचारलं, आम्हीही विचारतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लावला आहे. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही उचलतात. तुम्हाला झोप लागेना झाली तर तुम्हीही लावा, तिथे मराठीत बोलतात.

आई म्हणाली, आपल्याच घरात हे कसं आलं. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशात तीन कोटींवर लोक भांग, गांजा, चरस यातलं काही ना काही घेणारे निघाले. तेवढ्या घरांत आपणही एक, बस. पोलिसांची भीती मनातून काढा, आपणहून उपचार घेणाऱ्याला अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच संरक्षण आहे, राहुलच्या वकील मित्राने समजावून सांगितलं.

रोज सकाळी आम्ही तळजाईला चालून येतो. त्याची सिगारेट अजून चालू आहे, लपवत नाही. गांजा तंबाखूत मिसळूनच ओढायचा, त्यामुळे ती दुसरी सवय तशीच राहिली. एकेक करू.

तुम्ही काय करायचं ते नीट ऐका. रात्री आठनंतर त्याला फोन नको. "किती पैसे उडवलेस" हे विचारायचं नाही. बाबा, तुमच्या झोपेच्या गोळ्यांतली एकही त्याला द्यायची नाही, त्याने मागितली तरी. तुमची स्वतःची बीपीची गोळी सकाळच्या चहाबरोबर घ्या, आठवण झाली की नव्हे. आई, नवरात्राचे नऊ दिवस उपास धरायचे नाहीत. साखर तपासून महिना उलटला. पहिला आणि शेवटचा धर, देवीला चालतं, मी विचारलंय. डिंकाचे लाडू मात्र पाठव, स्वारगेटच्या गाडीत कुणी ओळखीचं असेल तर. थोडेच पाठव. बरं, तुला हवे तेवढे पाठव.

तुमची,
मीनू

ता. क. बाबा, माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत बापूकाकांचे दवाखान्याचे कागद आहेत. आजीने कोणत्या पिशवीत ठेवले होते ते तुम्हालाच माहीत. कोणत्या वयात सुरू झालं आणि कोणतं औषध लागू पडलं, एवढं डॉक्टरांना बघायचं आहे. तुम्ही वाचू नका. शेजारच्या पिंट्यालाही दाखवू नका. शिडीवर चढू नका, ट्रंक त्याच्याकडून खाली काढून घ्या आणि पाकीट तसंच बंद करून लाडवांबरोबर पाठवा.