फादर, तुमच्या पदरमोडीबद्दल

आदरणीय फादर फ्रान्सिस मॉर्गन यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही गेलात १९३५ साली, त्यामुळे हे पत्र पोचायचं नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहितेय. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्कीनच्या पुस्तकांवर जीव टाकणारे आम्ही लोक तुमचं नाव घेतो ते बहुतेक तक्रारीच्या सुरात. त्याला त्याच्या प्रेयसीला, एडिथला, तीन वर्षं भेटू न देणारा पाद्री, एवढीच तुमची ओळख. मीही कितीतरी वर्षं तेच म्हणत होते. मग एकदा त्याचं बालपण पुन्हा वाचताना सहज हिशेब मांडायला बसले आणि स्वतःचीच लाज वाटली.

त्याची आई, मेबलबाई, १४ नोव्हेंबर १९०४ ला गेल्या. वय अवघं ३४. नवरा आठ वर्षांपूर्वीच ब्लूमफाँटेनला वारलेला. १९०० साली त्या कॅथलिक झाल्या तेव्हापासून सासर-माहेरच्यांनी हात आखडता घेतलेला. रोनाल्ड, म्हणजे आमचा टोल्कीन, बारा वर्षांचा, धाकटा भाऊ हिलरी दहाचा, त्यांचे पालक आता तुम्ही, आणि मागे उरली ती ८०० पौंडांची गुंतवणूक. एवढ्यावर दोन मुलांचं राहणं, जेवणखाण, कपडालत्ता भागणार कसं? तुमच्या घराण्याचा स्पेनमध्ये शेरी वाइनचा व्यवसाय होता, त्यातून तुम्हाला थोडं उत्पन्न यायचं. ऑरेटरीत, म्हणजे बर्मिंगहॅमच्या तुमच्या धर्मसंघात, राहणाऱ्यांना खासगी मालमत्ता सोडावी लागत नाही, म्हणून ते पैसे तुमच्या हातात होते. ते तुम्ही गाजावाजा न करता या पोरांवर घातलेत. आमच्याकडे याला पदरमोड म्हणतात. तुमच्या काळ्या झग्याला पदर नव्हता, पण शब्द तुम्हाला चपखल बसतो.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याबद्दल तर वेगळे आभार मानायला हवेत. मेबलबाईंना मधुमेह निघाला होता. माणसाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं ते १९२२ मध्ये, म्हणजे १९०४ ला विश्रांतीपलीकडे उपाय नव्हता. तुम्ही बर्मिंगहॅमबाहेर रेडनलला पोस्टमनच्या घरातल्या दोन खोल्या मिळवून दिल्यात, त्याच्या बायकोला स्वयंपाकाचं सांगितलंत. बाईंना शेवटचे चार-पाच महिने झाडांच्या सावलीत मिळाले. शाळा सुरू झाल्यावर रोनाल्ड पहाटे निघून मैलभर चालत स्टेशन गाठायचा, परतेपर्यंत अंधार व्हायचा, आणि हिलरी कधीकधी कंदील घेऊन त्याला सामोरा जायचा. त्याच्या गोष्टींतली अंधारातली वाट वाचताना मला हटकून हा दहा वर्षांचा कंदीलवाला पोरगा दिसतो. (समीक्षक काय म्हणतील ते म्हणोत.)

रेडनललाच ऑरेटरीच्या घराच्या वेलींनी झाकलेल्या व्हरांड्यात बसून तुम्ही भलामोठा पाइप ओढायचात. एरवी घरात कधी नाही. आपल्याला पाइपचा नाद लागला तो बहुधा तिथूनच, असं रोनाल्डने पुढे लिहून ठेवलंय. त्याच्या गोष्टीतली बुटकी माणसं दारात बसून धूर सोडतात, त्याचंही थोडं श्रेय तुमच्या खाती जमा करायला हरकत नाही.

आई गेल्यावर तुम्ही मुलांना बिआट्रिसमामीकडे ठेवलंत. त्यामागचं कारण कळतं. बाकी नातेवाईक त्यांना आईच्या धर्मापासून तोडायला टपलेले होते, या बाईंचा मात्र धर्माबद्दल कसलाच आग्रह नव्हता. पण मायाही नव्हती. एक दिवस रोनाल्डला शेकोटीत कागदांच्या राखेचा ढीग दिसला. मामींनी आईची पत्रं जाळून टाकली होती. ती पोराला हवी असतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. अशा घरातून ही मुलं रोज सकाळी धावत तुमच्याकडे यायची. तुमच्या प्रार्थनेला मदत करायची, मग ऑरेटरीच्या भोजनगृहात साधी न्याहारी. स्वयंपाकघरातून ताटं सरकवायच्या फिरत्या कपाटात मांजराला बसवून गरागरा फिरवायचं, मग शाळा. त्या मांजराची बाजू मला माहीत नाही. पण राखेच्या घरातून आलेल्या मुलांना दांडगाई करायला एक हक्काचं स्वयंपाकघर होतं, हे केवढं मोठं!

तुमची स्पॅनिश पुस्तकं तो उचलून न्यायचा आणि त्या भाषेच्या नादावर स्वतःची एक भाषा रचत बसायचा. लाइम रीजिसच्या सुट्टीत त्याला किनाऱ्यावर एक अश्मीभूत जबडा सापडला आणि तो ड्रॅगनचाच असं त्याने ठरवून टाकलं. त्या सुट्ट्या तुमच्याच खर्चाने. तिथे पोरांशी गप्पा मारताना तुमच्या लक्षात आलं की मामींकडे यांचा जीव रमत नाही. म्हणून १९०८ मध्ये तुम्ही त्यांना दुसऱ्या घरी भाड्याने खोली घेऊन दिलीत.

आणि त्याच घरात खालच्या मजल्यावर एडिथ ब्रॅट राहत होती! ती १९ वर्षांची, तो १६ चा, दोघंही पोरकी. म्हणजे फादर, ही गाठ घालून दिलीत ती तुम्हीच.

पुढचं मला अजूनही पटत नाही, ते आभाराच्या पत्रातही सांगते. ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्तीची परीक्षा डोक्यावर, पोरगा सायकली घेऊन मुलीबरोबर भटकतोय हे कळल्यावर तुम्ही संतापलात. डिसेंबर १९०९ मध्ये तो परीक्षेत आपटलाही. पण एकवीस पूर्ण होईपर्यंत भेट नाही, पत्र नाही? ती बिचारी चेल्टनमला निघून गेली, दुसऱ्याशी लग्न ठरवून बसली. थोडक्यात निभावलं. वर्षभराने त्याला ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजची ६० पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि वरची भर पुन्हा तुम्हीच घातलीत, हेही खरं. त्याने तुमचा शब्द मोडला नाही. तुम्ही सख्ख्या बापाहून जास्त केलंत आणि तेही काही देणं लागत नसताना, असं त्याने पुढे आपल्या मुलाला लिहिलं. रागावायचा पहिला हक्क त्याचा होता. त्यानेच वापरला नाही, तर मी कोण?

३ जानेवारी १९१३ ला तो एकवीस वर्षांचा झाला आणि त्याच रात्री त्याने एडिथला पत्र लिहिलं. लग्न मार्च १९१६ मध्ये. तुम्हाला सांगायचं धाडस त्याला होईना, समोर येऊनही तो न बोलताच परतला. शेवटी पंधरा दिवस उरले तेव्हा पत्राने कळवलं. त्यावर तुम्ही दोघांना आशीर्वाद दिलेत आणि ऑरेटरीत मी स्वतः लग्न लावतो म्हणालात. तोवर वॉरिकला लग्नाचं सगळं ठरून गेलं होतं.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबरात, त्यांना पहिला मुलगा झाला. नाव ठेवलं जॉन फ्रान्सिस. ज्या चेल्टनमला पत्र धाडायचीही तुम्ही बंदी घातली होतीत, त्याच चेल्टनमला तुम्ही बर्मिंगहॅमहून त्या बाळाचा बाप्तिस्मा करायला गेलात.

कळावे, लोभ असावा.
तुमच्या रोनाल्डची एक वाचक