पिल्लं घरट्यात असतानाचा आठवडा

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. यंदा फुलपाखरं जवळपास दिसतच नाहीयेत, पाकोळ्याही (हवेतच किडे टिपणारे ते पक्षी) कमी वाटतायत, हे सगळं हवामानामुळेच ना, असं विचारलंयस. हो किंवा नाही एवढं लिहून मोकळं होता आलं असतं, पण मग मलाच चुटपुट लागून राहिली असती, हा विषय माझ्या किती जिव्हाळ्याचा आहे तुला माहितीये. म्हणून नीट पत्रच लिहितोय. लांबणार आहे, सवडीने वाच.

मला काय वाटतं ते आधीच सांगून टाकतो. हवामान पक्ष्यांना थेट मारतं असं त्या मानाने कमी वेळा होतं, म्हणजे गारपीट, कडाक्याची थंडी, भयंकर उष्णतेची लाट असं काही आलं तर होतंच, पण एरवी ते आधी किड्यांना गाठतं आणि किड्यांमार्फत पक्ष्यांच्या पिल्लांपर्यंत पोचतं. आणि त्यातही वर्षाची सरासरी काय निघाली, एकूण पाऊस किती झाला, याच्यापेक्षा कुठला आठवडा कसा गेला हे जास्त महत्त्वाचं. पिल्लं घरट्यात असतात तो आठवडा.

तर आधी किडे. किड्याचं अंग आपल्यासारखं आतून कायम गरम राहत नाही, बाहेर जेवढी हवा गरम तेवढंच साधारण आत. त्यामुळे खाणं, उडणं, अंडी घालणं, मोठं होणं, सगळंच हवेच्या हातात. गार सकाळी एखादं फुलपाखरू पानावर पंख पसरून उन्हाकडे पाठ करून बसलेलं दिसतं बघ, अगदी जवळ गेलो तरी उडत नाही, आपल्याला वाटतं धीट आहे, तर तसं नसतं, उडायचे स्नायूच अजून तापलेले नसतात त्याचे. बंबलबी म्हणजे त्या गुबगुबीत केसाळ मधमाशीचं तर भारी आहे, छातीतलं तापमान साधारण 30 डिग्रीपर्यंत गेल्याशिवाय तिला उडता येत नाही म्हणून ती पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवत बसते आणि स्वतःला तापवून घेते. रातकिड्यांवरून तर चक्क तापमान काढता येतं. 1897 मध्ये डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने त्याचं सूत्रच मांडलं होतं, त्याचं सोपं रूप असं की झाडावरच्या एका जातीच्या रातकिड्याची किरकिर 8 सेकंद मोजायची, त्यात 5 मिळवायचे, साधारण तेवढे डिग्री सेल्सिअस. प्रत्येक जातीला हे लागू पडत नाही, पण गार रात्री किरकिर संथ होते आणि उबदार रात्री वेग धरते हे तू कुठेही बसून ऐकू शकतोस.

अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून पाखरू, हा प्रवासही तसाच. एका ठराविक तापमानाच्या खाली वाढ जवळजवळ थांबते आणि त्याच्या वर जेवढी ऊब मिळेल ती रोज जमा होत जाते, बँकेत थोडे थोडे पैसे टाकावेत तशी, आणि ठरलेली रक्कम भरली की कोष फुटतो. शेतीवाले याला डिग्री डे म्हणतात आणि कीड कधी बाहेर पडेल याचा अंदाज त्यावरून बांधतात. म्हणजे हवा थोडी लवकर तापली की अळ्याही लवकर तयार. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

पावसाचं मात्र आपल्याला वाटतं तसं नाही. आपल्याला वाटतं एवढे मोठे थेंब, किडे मरत असतील. 2012 मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या लोकांनी हाय स्पीड कॅमेऱ्याने डासांवर पडणारे थेंब टिपले, थेंब डासाच्या वजनाच्या 50 पटीपर्यंत जड असू शकतो, तरी डास सहीसलामत सुटतो, कारण तो इतका हलका की थेंबाला त्याचा अडथळाच होत नाही, थोडं खाली वाहून जातो आणि निसटतो. पण पावसात उडणं बंद पडतं हे खरंच. दिवसेंदिवस झड लागली तर फुलपाखरांना ना मध मिळत ना जोडीदार, अळ्यांना बुरशीचे रोग लागतात, जमिनीत बिळं करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची बिळं पाण्याने भरतात. आणि उलट अजिबात पाऊस नाही पडला तर पानं कोवळी राहत नाहीत, डबकी भरत नाहीत, मग अळ्या कमी, चतुर कमी, डासही कमी (तेवढं एक बरं).

काही किडे मात्र पावसाचीच वाट बघत बसलेले असतात. पहिल्या जोरदार पावसानंतर वाळवीचे पंखवाले बाहेर पडतात ते कधी शेवटपर्यंत बघितलंयस का? मी हातातलं काम टाकून बघतो. जमिनीला एक बारीक फट पडते, तोंडाशी आधी मोठ्या डोक्याचे सैनिक येऊन उभे राहतात, मग मागून पंखवाले एकमेकांना ढकलत निघतात, पंख अंगापेक्षा लांब आणि उडणं अगदीच कच्चं. कोतवालाला कसं कळतं देव जाणे, तो वरच्या फांदीवर हजर, सूर मारतो, हवेतच एक उचलतो, परत फांदीवर, पुन्हा सूर. खाली साळुंक्या आणि कावळे चालत चालतच टिपत असतात. थोड्या वेळाने जमिनीवर नुसत्या पंखांचा खच. एवढे खाल्ले जाऊनही वाळवीचं काही बिघडत नाही, कारण सगळ्या वारुळांतून एकदमच एवढे बाहेर पडतात की खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि उरलेल्यांना नवीन घर करायला ओली मऊ जमीन मिळते.

आता पक्षी. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना बहुतेक किडेच भरवतात, चिमणी घे, सुगरण घे. पिल्लाला वाढायला प्रथिनं लागतात आणि मऊ अळीसारखं दुसरं काही नाही. किती अळ्या? अमेरिकेतल्या चिकडी नावाच्या पक्ष्याचा 1961 मधला एक अंदाज आहे, वजन जेमतेम 10 ग्रॅमच्या आसपास, पण एका खेपेची पिल्लं मोठी करायला 6 ते 9 हजार अळ्या. आकडा पुन्हा वाच. आणि हे सगळं दोन अडीच आठवड्यांत.

म्हणून मी आठवडा आठवडा करतोय. शिंपी पक्ष्याचं घरटं जवळून बघताना हे फार जाणवतं. ऊन असलं की दोघं आळीपाळीने येतात, चोचीत हिरवी अळी, तिचं डोकं फांदीवर आपटून आपटून मऊ केलेलं, पिल्लाच्या घशात सारली की लगेच पुढच्या फेरीला. पाऊस सुरू झाला की आईपुढे पेच. पिल्लांच्या अंगावर अजून पिसं नाहीत, त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणजे अंगाखाली घेऊन बसायला हवं, आणि बसली तर खाणं कुठून आणणार. तासभराच्या सरीने काही होत नाही. सलग तीन चार दिवस झाले की सगळ्यात लहान पिल्लू मागे पडतं, कारण जो मान उंच करेल त्याच्या तोंडात आधी घास जातो. हे बघताना जीव तुटतो रे, पण त्या आईबापांना दोष देता येत नाही, सगळी वाचणार नसतील तर निदान दोन तीन तरी वाचावीत असा तो हिशोब असतो.

हवेत उडते किडे पकडणाऱ्यांचं याहून अवघड. अमेरिकेत इथाका इथे झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या भिंगऱ्यांचा खूप वर्षं अभ्यास चालू आहे, तिथे दिसलं की दिवसाचं कमाल तापमान साधारण 18.5 डिग्रीच्या खाली राहिलं की उडते किडे एकदम कमी होतात. आता गंमत बघ, गंमत कसली, वाईटच आहे. वसंत लवकर उबदार होतो म्हणून या भिंगऱ्या दर दशकाला साधारण 3 दिवस आधी अंडी घालायला लागल्या, पण मध्येच येणारी थंडीची लाट काही तेवढी मागे सरकलेली नाही, त्यामुळे पिल्लं नेमकी त्या लाटेत सापडतात आणि उपाशी मरतात. सरासरी तापमान वाढलं आणि तरी थंडीने मेली! म्हणून मला ते सरासरीचे आकडे पुरेसे वाटत नाहीत.

याच्या उलटही होतं. नेदरलँड्समध्ये होगे वेलुवे नावाचं जंगल आहे, तिथे 1955 पासून घरट्यांच्या पेट्या लावून ग्रेट टिट पक्ष्यांच्या नोंदी ठेवतात. तिथे हवा तापली तशा ओकच्या झाडावरच्या अळ्या लवकर येऊ लागल्या (मघाशी सांगितलेली जमा होणारी ऊब), पक्षी मात्र तेवढ्या वेगाने अंडी आधी घालू शकले नाहीत, म्हणजे पिल्लांना भूक लागेपर्यंत अळ्या कोषात गेलेल्या. लांबून येणाऱ्या पाहुण्यांची तर आणखी पंचाईत. पाइड फ्लायकॅचर नावाचा माशीमार हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो, परत कधी निघायचं ते दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, आणि युरोपात यंदा अळ्या लवकर आल्यात हे त्याला तिकडे बसून कळणार कसं. 2006 मध्ये एक अभ्यास आला, ज्या जंगलांत अळ्या सगळ्यात लवकर येतात तिथे हे पक्षी दोन दशकांत साधारण 90 टक्के कमी झाले होते. किडा तापमान बघतो, पक्षी सूर्य बघतो, आणि दोघांची गाठ चुकते. मला विचारशील तर या सगळ्यात सगळ्यात काळजीची गोष्ट हीच.

उष्णतेचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने 2018 मध्ये पिठातल्या तांबड्या किड्यांवर प्रयोग केला, 5 दिवस 42 डिग्रीत ठेवलं तर नरांची प्रजननक्षमता निम्म्यावर आली, दुसऱ्यांदा तेच केलं तर जवळजवळ संपलीच. मेले नाहीत, हिंडत होते फिरत होते, पण पुढची पिढी नाही. म्हणजे लाट येऊन गेल्यावर किडे दिसतायत म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही.

आणि कधी कधी हवामान किड्यांना इतकं मानवतं की उच्छाद होतो. ब्रिटनमध्ये 1976 मध्ये सौम्य हिवाळ्यानंतर मावा म्हणजे झाडांचा रस शोषणारी बारीक कीड प्रचंड वाढली, मावा खाऊन लेडीबर्ड भुंगेरे प्रचंड वाढले, मग दुष्काळात झाडंच वाळली, मावा संपला आणि भुकेले भुंगेरे थव्याथव्याने समुद्रकिनाऱ्यांवर येऊन माणसांना चावायला लागले. टोळांचंही तसंच. 2018 मध्ये मेकुनू आणि लुबान ही दोन चक्रीवादळं अरबस्तानच्या वाळवंटात शिरली, वाळूत तळी साचली, हिरवळ आली, माणूस नसलेल्या त्या भागात टोळांच्या पिढ्यांवर पिढ्या निघाल्या आणि 2020 पर्यंत ती धाड पूर्व आफ्रिकेत आणि आपल्याकडे विदर्भापर्यंत पोचली. दोन वादळांचा पाऊस, बस.

वाऱ्यावर तर वेगळं पत्र लिहावं लागेल, पण एक सांगतोच. पिवळसर चतुर असतात ना, थव्याने हवेत तरंगणारे, ते मोसमी वारे फिरले की वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात. त्याच सुमाराला अमूर ससाणेही तोच समुद्र ओलांडतात, आणि वाटेत हेच चतुर खात असावेत असं अभ्यासक मानतात. वारा, किडा, पक्षी, तिघं एकत्र निघालेले.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. एका वर्षावरून काही ठरवू नकोस. किडे शेकड्याने अंडी घालतात, एक सीझन चांगला गेला की भरून काढतात. पक्ष्यांना वेळ लागतो पण तेही सावरतात, ब्रिटनमध्ये 1962-63 च्या हिवाळ्यात रेन नावाचा चिमुकला पक्षी बहुतांशी मेला होता, नंतरच्या दशकभरात परत भरपूर झाला. पण सावरायला जागा लागते. जर्मनीत क्रेफेल्डच्या कीटक अभ्यासकांनी 1989 ते 2016 मध्ये 63 संरक्षित जागी सापळे लावून उडत्या किड्यांचं वजन केलं, ते 75 टक्क्यांहून जास्त घटलं होतं. 2023 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने त्यातला मोठा भाग विचित्र हवामानाच्या माथी मारला, त्यावर बाकीच्यांनी आक्षेप घेतले, वाद चालू आहे. मला स्वतःला असं वाटतं की फक्त हवामानावर ढकलणं सोयीचं आहे, कारण मग आपल्याला काही करावं लागत नाही. औषध फवारलेलं, गवत खरवडून काढलेलं, रात्रभर दिवे असलेलं जिथे तिथे एक वाईट आठवडा आला की किडे परत येणार कुठून? शेजारी रान शिल्लक असेल तर येतात.

तेव्हा तू एवढं कर. वहीत तारीख टाकून लिहायला लाग, पहिला पाऊस कधी, वाळवी कधी निघाली, पहिलं फुलपाखरू कुठलं, घरट्यात पिल्लं कधी आणि त्या दिवसांत पाऊस होता की ऊन. कुंपणालगतचं गवत थोडं तसंच राहू दे, पानं कुरतडलेली दिसली म्हणून लगेच फवारा मारू नकोस. आणि पाकोळ्यांचं म्हणशील तर हवा खराब असली की त्या पावसाला वळसा घालून खूप लांब खायला जातात, पिल्लंसुद्धा तोवर अंग गार करून, ऊर्जा वाचवून काही दिवस उपाशी काढू शकतात, म्हणून ढगाळ दिवशी मोजू नकोस. आकाश मोकळं झालं की संध्याकाळी मोज आणि आकडा मला कळव, मागच्या वर्षीचा तुझ्या लक्षात असेल तर तोही.

तुझाच
दोस्त