लायसन्स द्यायचं की नाही, हे कुणाच्या मर्जीवर?

मा. संपादक,
सोन्याचे भाव वाढले की आमच्या घरी आजोबांचा विषय निघतोच. ते सोनार, आणि १९६३ साली मोरारजीभाई देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं, नवीन दागिना १४ कॅरेटच्या वर करायचा नाही म्हणे, तेव्हा १४ कॅरेटचं मंगळसूत्र कोण घेणार हो, फुंकणी आणि मूस कित्येक महिने कोनाड्यात पडून. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि व्यापारी सुप्रीम कोर्टात गेले. हरकचंद बांठिया केस, १९६९. सोन्यावर नियंत्रण ठेवायला कोर्टाची ना नव्हती, पण लायसन्स देताना अधिकाऱ्याने 'अर्जदाराची योग्यता', 'अंदाजे मागणी', 'सार्वजनिक हित' बघायचं असं लिहिलेलं, आणि योग्यता म्हणजे नेमकं काय ते कुठेच नाही! साहेबाला वाटेल ते. कोर्टाने ती कलमं धंद्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध म्हणून उडवली, आणि सुवर्ण नियंत्रण बघणाऱ्या सरकारी प्रशासकाला कायद्यासारखे हुकूम काढायची मोकळीक देणारं कलमही उडवलं, कारण ते काम संसदेचं. बाकी कायदा मात्र राहिला, तो गेला १९९० मध्ये, अर्थमंत्री आपले राजापूरचे मधु दंडवते असताना.

हे आज लिहायचं कारण, परवा मुलाच्या दुकानाच्या परवान्याचा अर्ज परत आला, शेरा एवढाच: 'योग्य वाटत नाही'. कुणाला आणि का, तेवढं तरी लिहायचं की नाही?

– एक वाचक, सांगली