टॅरो शिकताना आधी संच, मग पुस्तक

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले टॅरोच्या चित्रमय पत्त्यांवरून सांगितलेले साप्ताहिक भविष्य वाचून आमच्या गल्लीतल्या दोन-तीन मुली मला विचारू लागल्या आहेत, ‘काकू, पहिले पुस्तक कोणते घेऊ?’ भविष्यापेक्षा पत्त्यांमागची गूढविद्या समजून घ्यावी, असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. माझे म्हणणे एवढेच की आधी पत्त्यांचा संच ठरवावा आणि मग त्या संचाच्या परंपरेतलेच पुस्तक घ्यावे.

मी स्वतः नेमके उलटे केले होते. लेखक ए. ई. वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांचा १९०९ चा संच मी घेतला खरा, पण दुकानदाराने आग्रहाने सोबत दिलेले जाडजूड पुस्तक जुन्या फ्रेंच मार्सेय संचावरचे निघाले. पुस्तकात आठव्या पत्त्यावर तराजू आणि तलवार घेतलेली न्यायदेवता होती. माझ्या हातातल्या आठव्या पत्त्यावर मात्र एक स्त्री सिंहाचा जबडा मिटवत होती. वेटच्या संचात ‘न्याय’ अकराव्या आणि ‘बल’ आठव्या जागी आहे, हे कळेपर्यंत माझी अर्धी वही चुकीच्या टिपणांनी भरली होती.

हिब्रू अक्षरांचा घोळ याहून मोठा आहे. एलिफास लेव्ही या फ्रेंच लेखकाने १८५० च्या दशकात २२ मुख्य पत्ते २२ अक्षरांशी जोडताना पहिले अक्षर, अलेफ, ‘जादूगारा’ला दिले. पुढे १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने शून्य क्रमांकाचा ‘मूर्ख’ सर्वांच्या आधी ठेवून अलेफ त्याला दिले, त्यामुळे ‘जादूगारा’कडे दुसरे अक्षर, बेथ, आले आणि पुढची जवळजवळ सगळी ओळ एकेक घर सरकली. दोन्ही परंपरांची पुस्तके एकदम उघडून बसणाऱ्या नवशिक्याच्या हाती काय लागणार? आमच्या अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, त्यामुळे शांकरभाष्य वाचताना मधेच रामानुजांच्या श्रीभाष्यातला अर्थ घुसवू नये, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही वाचावीत, पण एकामागून एक.

वेटचे स्वतःचे पुस्तक लहान आहे, ते जरूर घ्यावे. मात्र त्यात अक्षरांची जोडणी त्याने उघड केलेली नाही, म्हणून गोल्डन डॉनच्या पद्धतीवरचे दुसरे पुस्तक जोडीला लागते. इंग्रज गूढवादी क्रौलीचे १९४४ चे ‘द बुक ऑफ थॉथ’ कब्बाला (ज्यूंची गूढविद्या) आणि ज्योतिष येते असे धरूनच लिहिलेले असल्यामुळे पहिले पुस्तक म्हणून मी ते कोणालाही सुचवणार नाही.

विकत घेण्यापूर्वी इतिहासाचे प्रकरण तेवढे चाळावे. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्याचे पत्ते म्हणून जन्मला. तो प्राचीन इजिप्तचा ग्रंथ आहे, ही कल्पना कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये मांडली, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचताच येत नव्हती. ती उलगडली १८२२ मध्ये. हीच कल्पना जे पुस्तक आजही इतिहास म्हणून सांगते, ते खुशाल परत ठेवावे.

आपल्याला विनंती अशी की पुरवणीतल्या भविष्याखाली ते कोणत्या संचावरून सांगितले आहे, एवढी एक ओळ छापावी.

आपली नम्र,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)